५३ वर्षांची फट : चेंगडू ते शिनझेंग

चीनला जाऊन आलो पण भिंत बघितली नाही, शियानचे मातीचे सैनिकही नाहीत, असं सांगितलं की लोक जरा कीव केल्यासारखे बघतात. आम्हाला बघायचा होता तो तांग आणि सुंग या दोन बलाढ्य घराण्यांच्या मधला काळ. इ.स. ९०७मध्ये शेवटच्या तांग सम्राटाला गादीवरून उतरवलं गेलं आणि ९६०मध्ये सुंग गादीवर आले. मधल्या ५३ वर्षांत उत्तरेत, पीत नदीच्या खोऱ्यात, एकामागून एक पाच घराणी होऊन गेली. त्यातलं एक तर जेमतेम चार वर्षं टिकलं. याच काळात बाकीच्या मुलखात, मुख्यतः दक्षिणेत, दहा राज्यं उभी राहिली. ‘पाच घराणी, दहा राज्यं’ हेच त्या काळाचं नाव. सुंग काळातल्या इतिहासकारांनी त्यावर अंदाधुंदीचा शिक्का मारला, तो आजवर पुसला गेलेला नाही. अंदाधुंदी सगळीकडे सारखी होती का, एवढीच माझी शंका होती. म्हणून आधी दक्षिणेतल्या तीन राजधान्या आणि मग उत्तर, असा मार्ग आखला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा, सगळा देश रस्त्यावर असतो, म्हणून तो टाळून निघालो. सोबत नवरा, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. इतिहासात त्याला रस नाही, पण राजांनी काय बांधलं यात आहे.

शनिवार, चेंगडू

योंगलिंग ही इथल्या पहिल्या शू राज्याचा संस्थापक वांग जियान याची समाधी शहराच्या आतच आहे, मेट्रोने जाता येतं. बाहेरून बघितली तर झाडांनी भरलेली मातीची टेकडी. शेकडो वर्षं लोक हिला एका जुन्या कवीचा वीणा वाजवायचा चौथरा समजत होते. १९४०मध्ये जपानी बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी आडोसा खणताना आतली भिंत लागली आणि मग खरं काय ते कळलं. चीनमधल्या बहुतेक राजसमाध्या जमिनीखाली असतात. इथे जमिनीवरच दगडी कमानी उभारून वर माती लोटली आहे. नवरा आत शिरल्या शिरल्या कमानी मोजू लागला. चौदा भरल्या.

मी मात्र मधल्या दालनातून हललेच नाही. शवपेटीच्या ओट्याला तीन बाजूंनी २४ स्त्रिया कोरल्या आहेत. दोघी नाचताहेत, बाकीच्या वाजवताहेत. कुणाकडे बासरी, कुणाकडे ढोल, एक शंख फुंकतेय आणि एकीने चक्क झाडाचं पान ओठांना लावलंय. तांग दरबारातली वाद्यं म्हणजे नेमकी काय होती, हे सांगणारी याच्याइतकी चांगली जागा दुसरी नसेल. ओट्याच्या दोन्ही अंगांना कमरेपर्यंत जमिनीतून वर आलेले बारा योद्धे तो ओटा उचलल्यासारखे उभे आहेत. मागच्या दालनात खुद्द वांग जियान, दगडात, बसलेला. जाड भुवया, खोल डोळे. चेहऱ्यात राजेपणा फारसा नाही, आणि येणार तरी कुठून? इतिहासात त्याच्या तरुणपणाची नोंद आहे ती बैल मारणं, गाढवं चोरणं आणि चोरून मीठ विकणं या उद्योगांची.

या मिठाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तांग सरकारने ७५८मध्ये मिठाचा व्यापार स्वतःच्या हातात घेतला आणि एका मापाची किंमत १० नाण्यांवरून ११०वर नेली. तिजोरी भरली, पण त्याबरोबर चोरट्या मिठाचा धंदाही फोफावला. या धंद्यात टोळी लागते, हत्यारं लागतात, आडवाटा माहीत असाव्या लागतात. सव्वाशे वर्षांनी ज्याच्या बंडाने तांग साम्राज्याचं कंबरडं मोडलं तो ह्वांग चाओ मिठाचाच व्यापारी. ज्याने शेवटच्या तांग सम्राटाला उतरवलं तो झू वेन आधी ह्वांग चाओचा सरदार. आणि पुढे हांगझोऊला ज्याचं देऊळ बघणार होतो तो चियान ल्यूही मिठाचा तस्कर. सगळा काळच या लोकांनी घडवलेला. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्यांचा नव्हताच तो.

रविवार, चेंगडू

आज फार काही बघितलं नाही. जनता उद्यानात बांबूच्या खुर्च्यांवर झाकणाच्या कपातला चहा घेत बसलो. शेजारी एक माणूस लांब सळया घेऊन गिऱ्हाइकांचे कान साफ करत होता. जास्वंदीच्या भावकीतलं एक फूल या दिवसांत इथे सगळीकडे दिसतं, सकाळी पांढरं आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी. वांग जियानचं राज्य त्याच्या मुलाने ९२५मध्ये घालवलं. मग इथे दुसरं शू राज्य आलं, त्याचा शेवटचा राजा मेंग चांग. त्याने शहराच्या तटावर हीच झाडं लावली, आणि चेंगडूला आजही या फुलाचं शहर म्हणतात. त्याच्याच काळात, ९४०मध्ये, १८ कवींच्या ५०० गीतांचा ‘फुलांमध्ये’ या अर्थाच्या नावाचा संग्रह इथे तयार झाला. चिनी गीतकवितेची ही पहिली मोठी गाठोडी.

राज्य मात्र ९६५मध्ये सुंग फौजेपुढे फारसं न लढताच पडलं. मेंग चांगची राणी ह्वारुई हिच्या नावावर एक कविता आहे. तिचा आशय असा: राजाने तटावर शरणागतीचं निशाण लावलं, अंतःपुरात बसलेल्या मला कसं कळावं, एक लाख चाळीस हजारांनी एकदम चिलखतं उतरवली, त्यात पुरुष एकही नव्हता! जिंकणाऱ्या सम्राटासमोर तिने ती म्हटली असं सांगतात. कैदी होऊन राजधानीत पोचल्यावर मेंग चांग काही दिवसांतच वारला.

सोमवार, प्रवास

सोमवारी संग्रहालयं बंद, म्हणून विमानाने नानजिंग गाठलं. संध्याकाळी यांगत्से बघितली. पल्याडचा काठ धूसर. हिच्यावर ९७४मध्ये सुंग फौजेने होड्यांचा तरंगता पूल बांधला, नानजिंगच्या वरच्या अंगाला त्साइशी इथे. त्याची मापं दिली ती इथल्याच, दक्षिण तांग राज्यातल्या एका माणसाने. फान रुओश्वेई परीक्षांमध्ये सारखा नापास व्हायचा. मासेमारीचं निमित्त करून होडीतून दोरी या काठापासून त्या काठापर्यंत नेत त्याने नदीची रुंदी मोजली आणि थेट शत्रूच्या दरबारात जाऊन सांगितली. दिवसभर कंटाळलेला नवरा या गोष्टीवर एकदम खुलला. “प्रवाहात दोरीला झोळ पडतो, तो त्याने कसा धरला असेल?” यावर जेवण संपेपर्यंत बोलत होता.

मंगळवार, नानजिंग

झूतांग डोंगराच्या पायथ्याशी दक्षिण तांगच्या दोन समाध्या आहेत. शहरापासून दूर, दक्षिणेला, डीडी या अ‍ॅपवरून टॅक्सी मागवून गेलो. आमच्याशिवाय तिथे फारसं कुणी नव्हतं. १९५०-५१मध्ये इथे उत्खनन झालं, त्यात झेंग झाओयू या पुरातत्त्वज्ञ बाईंचा मोठा वाटा होता.

पहिली समाधी ली बियानची. हा अनाथ पोर, एका सरदाराने वाढवलेला; ९३७मध्ये गादी घेतली आणि मग आपण तांग घराण्याचेच वंशज असल्याचं जाहीर केलं. त्याच्या समाधीत एकूण १३ खोल्या. दाराशी दगडात कोरलेले दोन चिलखतधारी पहारेकरी, आणि सगळ्यात आत छतावर रंगवलेलं तारांगण, त्याखाली फरशीत कोरलेल्या नद्या. वर आकाश, खाली देश, मध्ये तो. साम्राज्य नव्हतं, पण साम्राज्याचा नकाशा होता.

दुसरी समाधी मुलाची, ली जिंगची. लहान, साधी, आणि कारण उघड आहे. ९५८मध्ये उत्तरेचा सम्राट चाय रोंग याने यांगत्सेच्या उत्तरेचा सगळा मुलूख काढून घेतला आणि ली जिंगला ‘सम्राट’ ही पदवीही सोडायला लावली. गमावलेले जिल्हे समाधीच्या लांबी-रुंदीत दिसतात. दोन्हीकडे चोर फार आधीच येऊन गेले होते. उरली ती मातीची चित्रं: नाचणारे, नोकरचाकर, माणसाचं डोकं असलेला मासा.

तिसरी समाधी इथे नाही. नातू ली यू १५ वर्षं राज्य करून ९७५च्या अखेरीस पकडला गेला, काइफेंगला नेला गेला आणि ९७८मध्ये तिथेच वारला. विष दिलं असं परंपरा सांगते. राजा म्हणून त्याने काही धड केलं नाही. पण कैदेत लिहिलेल्या त्याच्या कविता आजही चिनी शाळकरी मुलांना पाठ असतात. दुःख किती म्हणून विचारशील, तर पूर्वेकडे वाहत जाणाऱ्या वसंतातल्या नदीइतकं, ही ओळ त्याची. तह मागायला गेलेल्या त्याच्या वकिलाला सुंग सम्राटाने दिलेलं उत्तरही तितकंच प्रसिद्ध आहे: माझ्या पलंगाशेजारी दुसऱ्या कुणी घोरत पडावं, हे मी कसं चालवून घेऊ?

बुधवार, हांगझोऊ

सकाळच्या रेल्वेने हांगझोऊ. पश्चिम सरोवराच्या काठावर लेईफेंग पॅगोडा आहे. त्याच्या पायथ्यापासून वर जायला सरकते जिने बघून नवऱ्याने नाक मुरडलं. आजचा पॅगोडा २००२चा. मूळचा ९७०च्या दशकात इथल्या वूयुए राज्याचा शेवटचा राजा चियान चू याने बांधलेला. त्याच्या विटा घरात ठेवल्या तर भलं होतं म्हणून लोक त्या काढून नेत राहिले, आणि २५ सप्टेंबर १९२४ला तो कोसळला. नव्या इमारतीच्या तळाशी काचेमागे तो जुना ढिगारा तसाच ठेवलाय. बहुतेक प्रवासी येतात ते पॅगोडाखाली कोंडलेल्या श्वेतनागिणीच्या कथेसाठी. आम्ही आलो होतो अशोकासाठी.

हो, आपल्याच अशोकासाठी. त्याने ८४,००० स्तूप उभारले ही दंतकथा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला पोचली आणि तिथे रुजली. चियान चूने ठरवलं, आपणही ८४,००० करायचे. ९५५च्या सुमारास त्याने वीतभर उंचीचे तांब्याचे छोटे स्तूप ओतून घ्यायला सुरुवात केली. आत ‘वूयुएचा राजा, ८४,००० रत्नस्तूप’ असा लेख आणि वर्ष. पुढे एका धारणीसूत्राच्या, म्हणजे बौद्ध मंत्रपाठाच्या, ८४,००० छापील गुंडाळ्या करून घेतल्या. पॅगोडा पडला तेव्हा पोकळ विटांमधून त्या बाहेर आल्या. आकडे किती खरे ते सोडा, पण आपल्याकडे मुंबईत छापखाना यायच्या कितीतरी शतकं आधीची ही छपाई आहे. एक गुंडाळी काचेखाली बघितली. सुरुवातीला चित्र, मग बारीक अक्षरांच्या सरळ रांगा.

२००१मध्ये पॅगोडाखालच्या तळघरात लोखंडी पेटीत चांदीचा असाच एक स्तूप मिळाला. अशोकाच्या या स्तूपांच्या चार बाजूंना चार जातककथा असतात. भुकेल्या वाघिणीपुढे स्वतःला टाकणारा राजपुत्र. कबुतरासाठी मांस कापून देणारा शिबी, तो तर आपल्या लहानपणच्या गोष्टीतला. आपलं डोकं दान देणारा राजा. आपले डोळे दान देणारा राजा. डोकं आणि डोळे, हे दोन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

नालासोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्याच्यापुढून मी कितीदा तरी न थांबता गेले असेन.

गुरुवार, हांगझोऊ

आजचा दिवस नवऱ्याचा. चियानतांग नदीला समुद्राकडून भिंतीसारखी भरती येते आणि पूर्वी ती शहरात शिरायची. ९१०मध्ये चियान ल्यूने किनाऱ्याला बांध घालायला घेतला. नुसती माती टिकेना, तेव्हा बांबूच्या लांब करंड्यांत दगड भरून त्या रचल्या आणि पुढे मोठे लाकडी खांब ठोकले. “म्हणजे गॅबियन आणि पाइल्स,” नवरा म्हणाला, “आम्ही नुसती तारेची जाळी वापरतो.” लोककथेत मात्र चियान ल्यूने भरतीवर धनुर्धाऱ्यांकडून बाण सोडवले आणि लाटा मागे हटल्या. नदीकाठचा लिउहे पॅगोडा त्याचा नातू चियान चूने ९७०मध्ये भरतीला शांत करायलाच उभारला. आज दिसतो तो नंतरच्या बांधणीचा. वरून नदी दिसते, रुंद आणि मातकट, आणि अशा पाण्याशेजारी शहर वसवायला किती छाती लागली असेल ते कळतं.

चियान ल्यूचं देऊळ सरोवराच्या काठावर आहे. बायको माहेरी गेली असताना त्याने तिला लिहिलं होतं, “बांधावर फुलं फुललीत, सावकाश ये.” मिठाच्या तस्कराची ही ओळ आता हांगझोऊत पंख्यांवर छापून विकतात. त्याच्या वंशजांना त्याचा सल्ला होता की सम्राट बनायच्या फंदात पडू नका; उत्तरेत जो कुणी असेल त्याला मान द्या आणि आपला मुलूख सांभाळा. तीन पिढ्यांच्या पाच राजांनी तेच केलं. उत्तरेत घराणी बदलत राहिली, इथून नजराणे जात राहिले. ९७८मध्ये चियान चूने १३ प्रांत आणि ८६ तालुके लढाई न करता सुंगांच्या हवाली केले. शहर जळलं नाही. चिनी आडनावांची जी जुनी पाठांतराची यादी आहे तिची सुरुवात ‘झाओ, चियान, सुन, ली’ अशी होते. पहिलं सुंग सम्राटाचं, दुसरं यांचं.

इथे मी म्हणून गेले की बघ, तुकडे झाले म्हणून सगळ्यांचं वाटोळं झालं असं नाही. तेव्हा नवऱ्याने आदल्या रात्री मीच वाचून दाखवलेलं सुंग इतिहासकार ओयांग शिऊचं टिपण पुढे केलं. वूयुएत कर कोंबड्या, मासे, अंडी यांच्यावरही होता आणि तो घरोघर जाऊन वसूल होई. नजराणे आणि पॅगोडे काही हवेतून येत नव्हते. ओयांग शिऊचा या घराण्यावर राग होता असं काही जण म्हणतात. असेलही. पण अंडी डोक्यातून जाईनात.

संध्याकाळी लिंगयिन विहार. मुख्य मंदिरापुढचे दोन दगडी पॅगोडे वूयुएच्या काळातले, कोरीवकाम झिजलेलं. उदबत्तीचा धूर आणि दारच्या ओस्मँथस फुलांचा गोड वास. शाकाहारी नूडल्स उत्तम.

शुक्रवार, काइफेंग

दुपारभर रेल्वे आणि मग पाच घराण्यांतल्या चारांची राजधानी. बघण्यासारखं काय? जमिनीवर त्यांचं काहीच नाही. पीत नदीने हे शहर इतक्यांदा गाळात पुरलं की इथे शहरावर शहर असे सहा थर आहेत. लोंगतिंग बागेतल्या तळ्याखाली सुंग राजवाडा काही मीटर खोल आहे आणि पाच घराणी त्याच्याही खाली. त्यातल्या त्यात जवळचा फान पॅगोडा, ९७०च्या दशकातला, सुंगांचा. त्याचे वरचे मजले गेलेत. बुटक्या धडावर इवलासा मनोरा उरलाय आणि प्रत्येक विटेत एक बुद्ध.

पण हरलेले सगळे राजे या शहरात येऊन राहिले होते. चेंगडूचा मेंग चांग, नानजिंगचा ली यू, हांगझोऊचा चियान चू, आणि ग्वांगझोऊचा ल्यू चांग. हा शेवटचा आपल्या मंत्र्यांना दारूतून विष देई. सुंग सम्राटाने त्याच्यापुढे पेला धरला तेव्हा तो रडायलाच लागला. सम्राटाने हसत तो पेला स्वतः पिऊन दाखवला.

फेंग दाओही इथलाच. चार घराण्यांचा आणि दहाएक सम्राटांचा मंत्री. सुंगांच्या इतिहासकारांनी त्याला निर्लज्ज म्हटलं. याच माणसाने ९३२मध्ये कन्फ्यूशियस परंपरेतले अभिजात ग्रंथ लाकडी ठशांवर कोरायचं काम सुरू करवलं. शू (चेंगडूकडचा मुलूख) आणि वू (यांगत्सेच्या खालच्या अंगाचा मुलूख) इथले लोक छापील पुस्तकं विकतात, पण अभिजात ग्रंथ त्यात नाहीत, असं त्याच्या अर्जात होतं. म्हणजे कल्पना दक्षिणेची. काम संपलं ९५३ला. दरम्यान सम्राट किती बदलले ते मोजा. ठसे कोरणारे मात्र कोरत राहिले. मला फेंग दाओबद्दल आदर आहे, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

रात्री ढोलमनोऱ्याजवळच्या बाजारात बदामाची घट्ट गोड पेज प्यायलो.

शनिवार, चेनचियाओ

पीत नदी ओलांडून उत्तरेला चेनचियाओ. ९६०च्या नव्या वर्षात सेनापती झाओ कुआंगयिन इथे मुक्कामाला होता. पहाटे शिपाई तंबूत घुसले आणि नुकत्याच जागा झालेल्या त्याच्या अंगावर त्यांनी पिवळा झगा चढवला. पिवळा झगा म्हणजे सम्राट. राजधानीत गादीवर सात वर्षांचं पोर होतं. असा झाला सुंग वंशाचा आरंभ. त्याने घोडा बांधला असं सांगितलं जाणारं एक म्हातारं झाड देवळात आहे.

झोपेतल्या माणसाला सम्राट करणं ही भाबडी कथा वाटते, पण दहा वर्षांमागे, पाचांतलं शेवटचं घराणं स्थापणाऱ्या ग्वो वेईच्या शिपायांनी त्याला पिवळं निशाण फाडून असंच गुंडाळलं होतं, आणि झाओ तेव्हा त्याच फौजेत होता. त्या काळातला एक सरदार उघड म्हणाला होता की सम्राटाला काय वेगळं बी लागतं, ज्याची फौज तगडी तो सम्राट. झाओने हे नीट ओळखलं होतं. गादीवर आल्यावर वर्ष-दीड वर्षातच त्याने आपल्या सरदारांना मेजवानीला बोलावलं आणि जमिनी-पैसा घेऊन फौजा सोडा असं गोडीत सांगितलं. फट बुजली ती या मेजवानीत.

रविवार, शिनझेंग

झेंगझोऊचा विमानतळ या भागातच आहे, म्हणून शेवट इथे ठेवला. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं वाळत घातलेली. ग्वो वेईची समाधी म्हणजे शेतातला मातीचा ढीग. त्याने तांग सम्राटांच्या फोडलेल्या समाध्या स्वतः बघितल्या होत्या, म्हणून बजावून ठेवलं होतं: कागदी कपडे, मातीची शवपेटी, दगडी माणसं-जनावरं नकोत. त्याची सगळी पोरं काइफेंगमध्ये कापली गेली होती, म्हणून बायकोचा भाचा चाय रोंग वारस झाला.

चाय रोंगची समाधी जवळच. तीही मातीचा उंचवटा, पुढे मिंग-चिंग सम्राटांनी पूजेसाठी पाठवलेले शिलालेख उभे. ३० वर्षं आयुष्य मिळेल असं ज्योतिष्याने सांगितलं तेव्हा याने हिशोब मांडला होता: दहा वर्षं मुलूख जोडायला, दहा प्रजेला पोसायला, दहा शांतता आणायला. मिळाली साडेपाच. ९५९मध्ये उत्तरेच्या खितान लोकांवर चालून जाताना आजारी पडला आणि गेला. सुंगांनी जे केलं त्याचा निम्मा नकाशा याने काढून ठेवला होता.

आणि त्या स्तूपांचा हिशोब इथे पुरा होतो. ज्या ९५५मध्ये चियान चू तांब्याचे स्तूप ओतू लागला, त्याच वर्षी चाय रोंगने ३०,३३६ विहार बंद केले, २,६९४ ठेवले आणि तांब्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली. दरबारी घाबरले तेव्हा तो म्हणाला, बुद्धाने लोकांसाठी आपलं डोकं आणि डोळेही दान केले, मग मूर्ती देताना तो का कचरेल. माझ्या शरीराने लोकांचं भलं होणार असेल तर मीही ते देईन. हांगझोऊच्या स्तूपावरच्या त्याच दोन कथा! एकाने त्या तांब्यावर कोरल्या, दुसऱ्याने त्यांच्याच आधाराने तांबं वितळवलं.

नवरा ठामपणे चाय रोंगच्या बाजूचा. नाणी नव्हती, बाजार अडला होता, दुसरं काय करणार? मी चियान चूकडून बोलत होते, पण अंड्यांवरचा कर त्याने परत काढलाच. विमानतळावर बॅगा देईपर्यंत भांडण मिटलं नव्हतं.